ठेवायचे की कापायचे

सासूबाई म्हणतात, देवाने हिला डोळे दिले, पण पापण्या द्यायला विसरला. तसं ते खोटं नाही. मुलगी झाल्यापासून मला द्राक्ष दिसलं की ते आधी तिच्या घशात अडकलेलं दिसतं. नवरा बिचारा गॅस बंद करून येतो, मग मी जाऊन तो बंद केलेला गॅस पुन्हा बंद करते. मुलीला सासूबाईंच्या ताब्यात देऊन मी नोकरीला लागले, तेव्हा घरात सगळ्यांनीच हुश्श केलं.

"जा बाई," सासूबाई म्हणाल्या, "तिथे ढीगभर माणसं आहेत, त्यांची काळजी कर. आमच्या वाट्याची थोडी कमी होईल."

नोकरी एका निवासात होती. ज्यांचं वय पुढे पळालं आणि समज मागून आपल्या चालीने येत राहिली, अशी मोठी माणसं तिथे राहायची. कुणी चाळिशीतलं, कुणी साठीचं. आम्ही त्यांना आंघोळ घालायचो, जेवायला वाढायचो, बागेत फिरवून आणायचो, रुसली की समजूत काढायचो. आमच्या सगळ्यांच्या वर मोठ्या बाई. त्या इतकी वर्षं तिथे होत्या की भिंतीला खिळा ठोकायचा तरी निवास चालवणारे सर आधी त्यांना विचारत. मला त्यांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं, 'कॉलेज'. "ए कॉलेज, तो टॉवेल आण." "कॉलेज, पुस्तकात वाचून येत नाही हो नखं कापायला."

माझ्याकडे छोटीला दिलं होतं. छोटी माझ्या आईच्या वयाची. भावंडांत धाकटी म्हणून ते नाव पडलं आणि तिने पन्नाशी ओलांडली तरी कुणी ते बदललं नाही. गोल चेहरा, डोक्यावर बोटभरसुद्धा नसलेले करडे केस, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर.

"छोटी, जेवलीस का?"

"हो."

"मग अजून जेवायचंय?"

"हो."

"पोट भरलं ना पण?"

"हो."

निवासातली सगळ्यात गुणी बाई म्हणून तिचं कौतुक व्हायचं. रडणं नाही, हट्ट नाही. मला मात्र तिच्या त्या 'हो'ने सुरुवातीपासून कसंतरी व्हायचं. माझ्या घरी एक होती ना, उठल्यापासून झोपेपर्यंत फक्त 'नाही' म्हणणारी. दूध? नाही. मोजे? नाही. आई हवी? नाही. त्या गोंधळातून इथे आलं की छोटीची शांतता कानाला लागायची.

पहिल्याच आठवड्यात तिचा स्वेटर बदलताना मला ते डाग दिसले. डाव्या दंडावर, निळसर. आतल्या बाजूला एक मोठा, बाहेरच्या बाजूला ओळीने लहान लहान. हाताची बोटं कशी उमटतात ते कुठल्याही आईला सांगावं लागत नाही.

"छोटी, कुणी धरलं गं तुला?"

"हो."

"कुणी पण? ड्रायव्हरदादांनी?"

"हो."

माझ्या हातातला स्वेटर तसाच राहिला. ड्रायव्हरदादा म्हणजे सगळ्यांना बागेत नेणाऱ्या आमच्या गाडीचे चालक. झुपकेदार मिशा, सतत काहीतरी गुणगुणायचे. एवढं आनंदी माणूस मला आधीपासूनच संशयास्पद वाटत होतं.

मोठ्या बाईंना दाखवलं, तर त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "पलंगाला आपटली असेल. तिचं कातडं म्हणजे कागद आहे कागद. आणि काय गं, आल्या आल्या पोलीस झालीस?"

मी गप्प बसले, पण डोळे कुठे गप्प बसतात! दुसऱ्या दिवसापासून मी गाडीत ड्रायव्हरदादांच्या मागच्या सीटवर बसायला लागले. ते आरशात बघायचे, मी आरशात बघायची. ते गुणगुणायचे थांबायचे. तिसऱ्या की चौथ्या फेरीला मी त्यांना गुन्हा करताना पकडलं. बागेजवळच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी गाडी थांबवली, मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि घाम पुसत म्हणाले, "मॅडम, तुम्हाला सगळं कळलंय हे मला कळलंय. सरांना सांगू नका. पण तो ऐकतच नाही हो."

'तो' म्हणजे कलेक्टर. काखेत कायम रिकामी फाइल घेऊन फिरणारा आमचा साठीचा गृहस्थ. तो उठून पुढे आला, ड्रायव्हरदादांच्या खांद्यावरून वाकला आणि त्याने हॉर्न दाबला. चांगला लांबलचक. मागे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छोटीनेही.

"रोज एकदा," ड्रायव्हरदादा म्हणाले. "नाहीतर गाडीतून उतरतच नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी. पण मग डाग कुणाचे?

त्याच सुमारास आमचं प्रशिक्षण सुरू झालं. ज्यांना स्वतःचं रक्षण करता येत नाही अशा मोठ्या माणसांचा छळ कसा ओळखायचा, कसा थांबवायचा, हे शिकवायला दर मंगळवारी एक बाई येणार होत्या. ठेंगण्या, जाड भिंगांच्या, गळ्यात शिट्टी. कुणी वर्गात डुलकी काढली की फुर्र! त्यांचं नाव शिट्टीबाई पडायला अर्धा तासही लागला नाही.

"छळ म्हटलं की तुम्हाला काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"मारणं," कुणीतरी म्हणालं. "उपाशी ठेवणं," दुसरं कुणीतरी.

"आणि जबरदस्तीने धरून ठेवणं? तुमच्याकडे कुणी कुणाला असं धरतं?"

"छे!" आख्खा वर्ग एका सुरात. सगळ्यात मोठा आवाज मोठ्या बाईंचा. त्या खोटं बोलत नव्हत्या, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

वर्ग सुटल्यावर मी शिट्टीबाईंना गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. डाग, पलंग, ड्रायव्हरदादा, हॉर्न. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"सरांना सांगितलंत?"

"खात्री नव्हती म्हणून..."

"खात्री करणं तुमचं काम नाही. दिसलं ते सांगणं तुमचं काम. आज घरी जायच्या आत सांगा. आणि मला सांगा, छोटीला तुम्ही नेमकं काय विचारलंत?"

मी सांगितलं. त्या हसल्या. "चला, तिला भेटू." छोटी व्हरांड्यात बसली होती. "हं, आता तिला विचारा, या बाईंनी तुला मारलं का?"

"छोटी, या बाईंनी तुला मारलं?"

"हो," छोटी गोड हसून म्हणाली.

"बघा. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. आणखी थोडा वेळ बसलो तर ती तुमच्या पंतप्रधानांनाही अडकवेल." शिट्टीबाई तिच्या शेजारी टेकल्या. "हिला जन्मभर काय शिकवलंय? हो म्हटलं की शाबासकी. मग ती तेच म्हणणार. असं माणूस हो म्हणालं तर ते हो नसतं, सवय असते. त्यांना दोन गोष्टी द्यायच्या, निवडायला. पण तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. काही जण शेवटचा शब्द उचलतात. मग उलटून विचारायचं. आधी शेवटची गोष्ट, मग पहिली. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तर ते तिचं."

मी तिथेच करून पाहिलं. "छोटी, बागेत जायचं की झोपायचं?"

"झोपायचं."

"झोपायचं की बागेत जायचं?"

"बागेत जायचं."

"म्हणजे अजून काहीच कळलं नाही," शिट्टीबाई म्हणाल्या. "पण ते तरी कळलं."

त्याच संध्याकाळी मी सरांना डाग दाखवले. सरांनी डॉक्टर बोलावले. डॉक्टर म्हणाले, धरल्याचे आहेत, जुने आहेत. सरांनी सगळ्यांना एकेकटं बोलावून विचारलं. प्रत्येकाचं उत्तर तेच, छे! सर चांगले होते, पण त्यांचा स्वभाव म्हणजे गरम वाटी चिमट्याशिवाय उचलायची नाही. म्हणाले, "लक्ष ठेवू." लक्ष ठेवण्यात मला कुणी मागे टाकू शकत नव्हतं. पण कुणावर ठेवायचं, हेच कळेना.

पुढच्या मंगळवारी शिट्टीबाईंनी 'नाही'चा खेळ आणला. सगळ्यांना गोलात बसवलं आणि आम्ही त्यांना वेड्यावाकड्या गोष्टी विचारायच्या, त्यांनी जोरात 'नाही' म्हणायचं.

"कलेक्टर, तुमची फाइल मी पाण्यात टाकू?"

"नाही!" कलेक्टर असा गरजला की कपाटावरच्या घड्याळाची काच थरथरली.

"तुमच्या बुटात भात भरू?"

"नाही!"

मग काय, निवासात 'नाही'ची साथ आली. आंघोळ? नाही! औषध? नाही! दिवे मालवू? नाही, नाही, नाही! दिवसभर आमचा घाम निघाला. मोठ्या बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "त्या शिट्टीवालीला म्हणावं, आता रात्रपाळीलाही तूच ये." मला मात्र घरी आल्यासारखं वाटत होतं. चौघांना औषध द्यायला मी माझ्या पोरीवर वापरते त्याच युक्त्या वापरल्या, आणि पहिल्यांदाच मोठ्या बाई म्हणाल्या, "बरं जमतं गं कॉलेजला."

सुटली एकटी छोटी. "छोटी, तुझ्या डोक्यावर पाणी ओतू?" "हो." "तुझी उशी घेऊन जाऊ?" "हो." सगळे हसले, तीही हसली. मी मात्र तिच्या दंडाकडे पाहिलं. जी उशी द्यायला तयार आहे, तिने दंड पकडणाऱ्याला काय म्हणायचं?

आणि मग केस कापायचा दिवस आला. महिन्यातून एकदा मागच्या अंगणात खुर्ची मांडायची, केस कापणारे काका मशीन घेऊन यायचे आणि एकापाठोपाठ एक सगळ्यांची डोकी एकसारखी उतरवायचे. बायका, पुरुष, सगळी. फार वर्षांपूर्वी कधीतरी निवासात उवा झाल्या होत्या, तेव्हापासूनचा हा रिवाज. उवा गेल्या, मशीन राहिलं. मी लागले ती मागच्या कापणीनंतर लगेच, त्यामुळे मी हे पहिल्यांदाच बघत होते.

कलेक्टर झाला. आणखी दोघे-तिघे झाले. मग छोटी येऊन खुर्चीत बसली, नेहमीसारखी गुणी. काकांनी मशीन सुरू केलं, तशी तिची मान खांद्यात गेली.

"कॉलेज, तू डावीकडून ये," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी छोटीचा उजवा दंड धरलाही होता. "नीट धर. ही मान हलवते. कानाला लागलं म्हणजे?"

कानाला लागलं म्हणजे! हे वाक्य माझ्यासारखीला पुरेसं आहे. मला लगेच रक्त दिसलं, टाके दिसले. मी पुढे झाले आणि छोटीचा डावा दंड घट्ट धरला.

आणि माझी बोटं बरोबर जागेवर बसली. अंगठा आतल्या बाजूला, बाकीची बाहेरच्या बाजूला ओळीने. डाग आता पिवळट झाले होते, पण दिसत होते. एकेक डाग माझ्या एकेका बोटाखाली. मी ज्याला शोधत होते तो हात आता माझ्याच खांद्याला लागलेला होता.

मी हात काढून घेतला. "काका, मशीन बंद करा."

"काय झालं?" मोठ्या बाई दचकल्या. "लागलं?"

"थांबा जरा." मी छोटीच्या पुढ्यात उकिडवी बसले. "छोटी, केस कापायचे का?"

"हो," छोटी म्हणाली.

"झालं समाधान?" मोठ्या बाई म्हणाल्या. "काका, चालू करा. मागे रांग आहे."

"नाही, एक मिनिट. मी चुकीचं विचारलं. छोटी, केस ठेवायचे की कापायचे?"

छोटीने मशीनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "कापायचे."

काका खांदे उडवून हसले. शेवटचा शब्द. मला ठाऊक होतं तो शेवटचा शब्दच असणार. पण उलटून विचारलं आणि तिने पुन्हा 'कापायचे' म्हटलं तर? मग ते तिचंच उत्तर. मग मला बाजूला व्हावं लागणार.

"कापायचे की ठेवायचे?"

"ठेवायचे," छोटी म्हणाली.

"नेहमी असंच करते ती," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुझ्या मागून बोलते फक्त. तिला काय कळतंय यातलं!"

खरं होतं. उत्तर अजून शेपटीलाच लटकत होतं. मी पुन्हा एकदा विचारलं, पहिल्यासारखं, हळू. "छोटी, नीट ऐक. ठेवायचे की कापायचे?"

या वेळी ती बोललीच नाही. तिने खांद्यातून मान बाहेर काढली. उजवा दंड अजून मोठ्या बाईंच्या हातात होता. तो तिने सोडवून घेतला, अगदी सावकाश, कुणाला राग येऊ नये अशा बेताने. मग दोन्ही हात उचलून डोक्यावर ठेवले, पावसात भांडं उपडं धरावं तसे.

"ठेवायचे," ती म्हणाली. आणि मग, कुणी काहीच विचारलं नसताना, "ठेवायचे. ठेवायचे. ठेवायचे."

काकांनी मशीनची वायर गुंडाळायला घेतली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "मला वाटायचं त्यांना गुदगुल्या होतात म्हणून हलतात," ते पुटपुटले.

मी सरांकडे गेले. मोठ्या बाई माझ्या मागोमाग. दारातच मी म्हणाले, "सर, ते डाग आपले आहेत. केस कापताना धरल्याचे. आज मीपण धरलं."

"म्हणजे मी छळते?" मोठ्या बाईंचा आवाज फुटला. "मी? तिच्या तापात रात्ररात्र बसलेली मी? कानाला इजा होऊ नये म्हणून धरलं तो छळ?"

त्या खरंच रात्ररात्र बसल्या होत्या. सर एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. या वेळी चिमटा शोधायला वेळ नव्हता.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही काय आहात ते मला माहीत आहे. पण डॉक्टरांनी जे सांगितलं तेही मला माहीत आहे. हे मला वर कळवावं लागेल. आणि आजपासून खुर्चीत कुणालाही धरायचं नाही. ज्याला नको त्याचे केस नकोत."

मोठ्या बाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. 'कॉलेज'सुद्धा नाही. टॉवेल हवा असला की भिंतीला सांगायच्या, "टॉवेल पाहिजे होता." चौकशी झाली, विचारपूस झाली, कुणाची नोकरी गेली नाही. शिट्टीबाई त्यांच्याशी दार लावून बराच वेळ बोलल्या. बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल होते आणि शिट्टी, कुणास ठाऊक का, मोठ्या बाईंच्या गळ्यात होती.

घरी मी सगळं सांगितलं, तर सासूबाईंनी नातीला मांडीवर ओढलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं ती बाई आपली मान आत घेत होती, आणि सगळे म्हणत होते, किती गुणी."

पुढच्या महिन्यात काका आले तेव्हा प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी विचारायला अर्धी सकाळ गेली. कलेक्टरला मिशा ठेवायच्या होत्या, ड्रायव्हरदादांसारख्या. एका आजोबांना पूर्ण टक्कल हवं होतं, दोनदा विचारलं तरी टक्कलच, आणि ते झाल्यावर दिवसभर आरशासमोरून हलले नाहीत. छोटी खुर्चीच्या आसपाससुद्धा फिरकली नाही. दुरून काकांना हात मात्र केला.

तिचे केस वाढत गेले. आधी साळिंदरासारखे उभे राहिले, मग कानांवर आले, मग काहीतरी विचित्रच व्हायला लागलं. विंचरले की क्षणभर सरळ राहायचे आणि परत वळायचे. मला वाटलं साबण बदलायला हवा. मला रोगही वाटला; मी दोन डॉक्टरांना विचारून आले.

मग एका रविवारी तिचा थोरला भाऊ भेटायला आला. वर्षातून एखाद्या वेळी येणारा, काठी टेकत चालणारा म्हातारा. व्हरांड्यात छोटीला बघितलं आणि तो पायरीवरच थांबला.

"अरे," तो म्हणाला, "हिचे केस!"

"वाढवलेत तिने," मी घाईघाईने म्हणाले. माझं मन लगेच भांडणाच्या तयारीला लागलं. "तिलाच हवे होते. आम्ही विचारलं होतं."

"नाही हो, तसं नाही. आईचे आहेत हे. थेट आईचे." त्याने तिच्या कानामागची एक बट ओढली आणि सोडली. ती टुणकन परत वळली. "आमच्या घरात फक्त आईचे आणि हिचे कुरळे. लहानपणी मी असाच ओढायचो आणि ही ओरडायची."

"नको ओढूस," छोटी म्हणाली.

पाठीमागे मोठ्या बाई चादरींचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. इतकी वर्षं त्यांनीच हे डोकं न्हाऊ घातलं होतं. गठ्ठा त्यांनी कठड्यावर ठेवला आणि जवळ आल्या.

"कुरळे?" त्या म्हणाल्या. "कुरळे आहेत होय गं तुझे?"

"हो," छोटी म्हणाली.

मोठ्या बाई तिच्या डोक्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. "अगं कॉलेज, उभी काय राहिलीस? आपले कंगवे सगळे बारीक दातांचे, ते या केसांत घातले तर तिचा जीव जाईल ना! पळ, दुकान बंद व्हायच्या आत रुंद दातांचा एक घेऊन ये. आणि थांब, रंग कुठला आणायचा ते आधी तिला विचार. दोन्हीकडून विचार."